सहादूबाबांचं वजन

आमच्या मेडिकल वॉर्डातून हृदयाचा पेशंट जितक्या थाटात घरी जायचा, तितक्याच थाटात महिन्याभरात परत यायचा. पाय सुजलेले, पोट फुगलेलं, दोन उशा पाठीला लावल्याशिवाय श्वास नाही. मोठे साहेब राउंडला आले की "काय, पुन्हा आलात?" असं इतक्या प्रेमानं विचारायचे, की जावई दिवाळीला आलाय असं वाटावं. इंजेक्शनं द्यायची, अंगातलं पाणी काढायचं, घरी पाठवायचं. आणि मग वाट बघायची.

घरी जाताना पेशंटला मिळणारा सल्ला कार्डावर इंग्रजीत असे. ते अक्षर फक्त केमिस्टला लागायचं. तोंडी मिळायचे तीन शब्द : मीठ कमी खा. किती कमी, कशातलं कमी, पापडात मीठ धरायचं की नाही, हे सांगायला साहेबांना सवड नसे. त्यांना पुढच्या खाटेवरच्या, परत आलेल्या पेशंटवर चिडायचं असे.

ही गोष्ट ब्याऐंशी सालची. मी त्या वॉर्डात नर्स. मेट्रनबाईंना म्हटलं, घरी गेलेल्या या पेशंटांकडे नर्सनं आठवड्यातून एकदा जाऊन यावं, पाय बघावेत, गोळ्या बघाव्यात. मेट्रनबाईंनी अर्ज वर पाठवला. तो तीन महिने वरच राहिला आणि खाली आला तेव्हा त्यावर "तरतूद नाही" एवढंच होतं. मेट्रनबाई भल्या. त्या म्हणाल्या, "गांगुर्डे, सुट्टीच्या दिवशी तुम्ही कुणाकडे चहाला गेलात, तर त्याला काही तरतूद लागत नाही."

तेव्हापासून मी दर गुरुवारी चहाला जायला लागले. शालिमारला सिटी बस पकडायची आणि रक्तदाबाचं यंत्र पिशवीत भाजीसारखं घालून फिरायचं.

सहादू पगारे हे माझे नाशिक रोडचे यजमान. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, बासष्ट वर्षांचे, स्वभावानं गरीब. हृदय थकलेलं. घरात मुलगा बारकू आणि सून लता. बारकू सातपूरला कारखान्यात शिफ्ट करायचा, म्हणजे घरी असला की झोपलेला असायचा. त्यामुळे माझं सगळं बोलणं लताशी. पोरगी चोविसाची, सातवी शिकलेली, पण एकदा सांगितलेलं विसरायची नाही. आमच्या वॉर्डातल्या दोन डॉक्टरांबद्दल मला एवढं म्हणता येणार नाही.

मी तिला सांगितलं, "बाबांचं हृदय अशक्त आहे, पाणी अंगात साठतं. ते पायांवर दिसायच्या आधी वजनात दिसतं. रोज सकाळी परसाकडून आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, की त्याच दिवशी दवाखाना. माझी वाट बघायची नाही."

वजनाचा काटा कुठून आणायचा? कोपऱ्यावर पुंजाची लाकडाची वखार होती. पुंजा तयार झाला. अडचण एकच. वजन केलं की ते मोठ्यानं पुकारायचं, ही त्याची वीस वर्षांची सवय. बंबासाठी लाकडं घ्यायला सकाळी बायकांची रांग लागायची, आणि त्या रांगेसमोर सहादूबाबा काट्यावर चढले की पुंजा ओरडायचा, "सहादूबाबा, साssठ!" माझ्या पेशंटची प्रकृती अशी रोज जाहीर व्हायची. मी तेव्हा हसले होते.

लघवीच्या गोळीनं आणि अळणी जेवणानं काम केलं. साठाचे एकोणसाठ झाले, मग साडेअठ्ठावन्न, मग अठ्ठावन्न. पाय काठीसारखे झाले. बाबा आडवे झोपायला लागले, बुद्धविहारापर्यंत चालत जायला लागले. मी खूश. इस्पितळाबाहेर मी एक माणूस ताळ्यावर आणला होता, तोही तरतूद नसताना.

कॉलनीचा निकाल वेगळा लागला होता. म्हातारा दिवसेंदिवस उतरत चाललाय, हे पुंजाच्या तोंडून सगळ्यांनी रोज ऐकलं होतं. शिवाय सून त्याला अळणी जेवायला घालते, हेही शेजारणींनी बघितलं होतं. दोन गोष्टी जोडायला काय लागतं? सून सासऱ्याला उपाशी मारते. नळावर लता आली की बायका गप्प व्हायच्या. एकीनं तर बाबांना हाक मारून चपाती-लोणचं खायला घातलं आणि पुण्य पदरात पाडून घेतलं.

ही बातमी निफाडकडच्या खेड्यात बाबांच्या बहिणीपर्यंत पोचली आणि यशोदाबाई बोचकं घेऊन हजर झाल्या. त्यांनी उंबऱ्यातच गळा काढला, "माझ्या भावाची काय दशा केली गं! हाडं दिसाया लागली!" लतानं माझं सांगणं त्यांना सांगून बघितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "नर्सबाईचं काय ऐकते? ती काय त्याच्या रक्ताची हाय? मिठाबिगर माणूस जगतो का कुठं?" आणि चूल त्यांनी ताब्यात घेतली. बाबांना पापड मिळाले, खारातल्या मिरच्या मिळाल्या, आणि लघवीच्या गोळीनं माणूस वाळतो म्हणून ती गोळी बंद झाली.

आता वखारीत सणासारखं वातावरण. एकोणसाठ! साठ! एकसष्ट! रांगेतल्या बायका म्हणायच्या, आत्या आली आणि म्हाताऱ्यानं बाळसं धरलं. यशोदाबाईंचा मोठेपणा असा, की त्या यशाचा वाटा सुनेलाही द्यायच्या : "आता शिकली, बरं का, आमची लता करायला."

हे सगळं एका आठवड्यातलं, आणि मी त्या गुरुवारी गेले नव्हते. वॉर्डात दोघी रजेवर होत्या आणि माझी सुट्टी कापली गेली होती. शुक्रवारी दुपारी लता बाबांना रिक्षातून घेऊन आली. बाबांचे ओठ निळे, छातीत घरघर, पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राही. वजन त्रेसष्ट.

ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. तासाभरानं घरघर कमी झाली, तेव्हा मी लताकडे वळले. मला रागानं काही सुचत नव्हतं. कॅलेंडरचं पान तिनं सोबत आणलं होतं. सगळे आकडे बरोबर लिहिलेले.

"साठ झालं त्याच दिवशी यायचं होतं. तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं, सिस्टर."

"मग तीन दिवस काय करत होतीस?"

ती खाली बघून म्हणाली, "तीन दिवस सगळे माझ्याशी चांगलं बोलत होते."

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. मिठाचं मी सांगितलं होतं, गोळीचं सांगितलं होतं, आणि बाबांबरोबर या पोरीलाही रोज सकाळी चारचौघांत काट्यावर चढवून दिलं होतं. तिच्यासाठी माझ्याकडेही तरतूद नव्हती. मोठ्या साहेबांना नावं ठेवायचा माझा हक्क त्या दिवशी बराच कमी झाला.

दोन दिवसांनी, भेटीच्या वेळेला यशोदाबाई आल्या. हातात डबा, आणि त्याचं झाकण न उघडताच सुक्या बोंबलाचा वास वॉर्डभर. लताकडे न बघता त्या खाटेवर बसल्या. "दादा, दोन घास खाय. घरी हाय का कुणी तुझं करणारं?"

बाबांनी त्यांचा हात धरला. एकेका वाक्याला थांबत ते म्हणाले, "यशोदे, डबा परत ने. हे खाऊन मी मरतो. मला माहीत होतं, तरी जिभेपायी खाल्लं. आणि बोलणी हिला बसली, तरी गप्प राहिलो. लय चूक झाली." त्यांना धाप लागली. मी थांबवायला गेले, तर त्यांनी मला हातानं अडवलं. "वखारीत जा. रांगेत उभी राहा. सांग, सुनेनं वाळवलं म्हणून सहादू जिता हाय. तू बोलली होती, तूच सांग."

 यशोदाबाई डबा पदराखाली घेऊन उठल्या आणि दारापाशी जाऊन थांबल्या. "किती वाजता उघडती वखार?" त्यांनी लताला विचारलं.

"सहाला, आत्या," लता म्हणाली, आणि खाटेच्या दांडीवर डोकं टेकून मोठ्यानं रडायला लागली. आया धावत आली, "ओ बाई, वॉर्ड आहे हा, आवाज नाही करायचा!"

मी आयाला गप्प केलं.