नरेंद्र काकांची अस्सल जर्मन रायफल

अमेरिकेतल्या बॉथेलमध्ये नरेंद्र काकांना जर्मनीचा जेवढा अभिमान होता, तेवढा एखाद्या जर्मन माणसालाही नसेल. विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून उभी हयात काढून ते रिटायर झाले होते. जर्मनीत त्यांचं पाऊल पडलं होतं ते नागपूरला जाताना विमान बदलण्यापुरतं. पण घरात सुरीपासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळं जर्मन. भारतातून कुणी काही आणलं की ते उलटंपालटं करून बघत आणि खाली ठेवत म्हणत, "फिनिशिंग नाही."

२००५च्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीत एका मयत म्हाताऱ्याचं सामान विकायला काढलं होतं, त्यात त्यांना ती रायफल दिसली. १८९१ची, जर्मन लष्करातली. काका ती दुपट्यात गुंडाळलेल्या बाळासारखी घरी घेऊन आले. घरात बंदूक नको, असं शोभना काकूंनी बजावलं. त्यावर ही बंदूक नसून अँटीक आहे, असं उत्तर त्यांना मिळालं.

मग महाराष्ट्र मंडळातला जो येईल त्याला व्याख्यान सुरू झालं. कैसरची फौज, जर्मन शिस्त, आणि नळीपासून स्क्रूपर्यंत सगळं एका कारखान्यातलं. रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये असलेला केदार एका शनिवारी चहाला आला. त्यानं इंटरनेटवर वाचलं होतं की अशा रायफलीच्या प्रत्येक भागावर नंबर असतो आणि तपासनिसाचा शिक्काही. सगळे नंबर जुळले तरच ती अस्सल. काकांनी हौसेनं भिंग आणलं.

नळी निघाली एका गावची, बोल्ट दुसऱ्याच गावचा. स्क्रू कुणाचे ते कळेना. लाकडी दस्त्यावर बारीकशी चंद्रकोर होती.

"काका, हा दस्ता तुर्कांचा आहे," केदार म्हणाला. "पहिल्या महायुद्धात जर्मनीनं जुन्या रायफली त्यांना दिल्या होत्या. इंटरेस्टिंग आहे पण, यार."

काकांना ते इंटरेस्टिंग वाटलं नाही. ठरलेल्या लग्नात मुलाचं गोत्र खोटं निघावं तसा त्यांचा चेहरा झाला. रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं की रायफल पुन्हा शुद्ध जर्मन करायची.

"तुमचे बदललेले दोन्ही गुडघे कंपनीचे आहेत," काकू म्हणाल्या. "तुम्हाला कुणी शुद्ध केलं का?"

पावसाळी हिवाळाभर काका गॅरेजमध्ये. योग्य गावचा बोल्ट मिळवला, स्क्रू मिळवले. तुर्की दस्ता त्यांनी सनीव्हेलच्या एका हौशी माणसाला देऊन टाकला आणि एका व्यापाऱ्याकडून 'ओरिजिनल जर्मन अक्रोडाचा' दस्ता मागवला. तो आला तेव्हा त्यांनी काकूंना मुद्दाम गॅरेजमध्ये बोलावलं आणि त्या लाकडावरून हात फिरवून दाखवला. याला फिनिशिंग म्हणतात, हेही सांगितलं.

मग जुनी लोखंडी पाटी बसवायची म्हणून त्यांनी दस्त्याच्या मागची नवी पाटी उघडली. आत निळ्या बॉलपेननं लिहिलं होतं: चेक किया, ठीक है.

काका स्टुलावर बसले. काकूंनी चष्मा लावून ते वाचलं, लाकूड नाकाशी नेलं.

"शिसवी आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या मूर्तिजापूरच्या पलंगाचं लाकूड."

परत पाठवावा, तर रायफल संग्राहकांच्या प्रदर्शनात नाव दिलेलं, आणि तुर्की दस्ता केव्हाच सनीव्हेलला पोचलेला. काकांनी पाटी लावली आणि स्क्रू जरा जास्तच आवळले.

प्रदर्शनात परीक्षक होता एक पांढऱ्या दाढीचा माजी सैनिक. तो बाकीच्या टेबलांवरून भराभर पुढे सरकला आणि काकांच्या टेबलापाशी थांबला. त्यानं दस्त्यावरून अंगठा फिरवला, दोघा-तिघांना हाक मारून दाखवलं. असं हातकाम आता जगात कुणाला जमत नाही, ते जुने जर्मन उस्ताद गेले ते गेलेच, असं तो बराच वेळ सांगत राहिला. काका मान खाली घालून ऐकत होते. शेवटी त्यानं विचारलं, हा दस्ता मिळाला कुठे?

काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं.

"फ्रॉम द ओल्ड कंट्री," ते म्हणाले, म्हणजे मायदेशातून.

"ते दिसतंच," परीक्षक इंग्रजीत म्हणाला आणि त्यानं उत्तम पुनर्रचनेची निळी फीत रायफलीला बांधली.

आता रायफल दिवाणखान्यात भिंतीवर आहे. पाहुणे आले की चहा देता देता काकूच कैसरपासून सुरुवात करतात आणि फौजेची शिस्त अगदी रंगवून सांगतात. त्या दस्त्याकडे वळल्या की काका कचऱ्याची पिशवी उचलतात आणि बाहेर जातात.