वरील इसमाची पत्नी

मी यादी बोलतेय. किराणा सामानाची नव्हे; तिच्यात साबणाला कुणी तेलाची बायको करत नाही. मी जहाजातून उतरलेल्या माणसांची यादी आहे आणि माझ्यात ते सर्रास केलेलं आहे. म्हणून आज तोंड सोडणार आहे.

बंदरावरच्या पत्र्याच्या खोलीत, डुगडुगत्या टेबलावर माझा जन्म झाला. कागद उत्तम, शाई उत्तम, रकाने सरळ. वाकडा होता तो फक्त कारकून. नियम असा, की एकट्या बाईला बंदराबाहेर सोडायचं नाही. कुणी पुरुष हमी द्यायला येईपर्यंत तिला जहाज कंपनीनं स्वतःच्या खर्चानं सांभाळायचं. कंपनीला खर्च नको, कारकुनाला कटकट नको. त्यानं तोड काढली. एकटी बाई समोर आली, की लिहायचं : 'वरील इसमाची पत्नी'. लागलं लग्न! ना साक्षीदार, ना घोटभर चहा.

बहुतेक बायका दमलेल्या, गप्प राहिल्या. शिवणकाम करणारी एक तरुणी मात्र बोलली.

"अहो, मी कुणाची बायको नाही. हा वरच्या ओळीतला नालबंद मी आत्ता पहिल्यांदा बघतेय."

"फाटकाबाहेर पडेपर्यंत आहेस," कारकून मान वर न करता म्हणाला. "चला, पुढचा कोण?"

नालबंद बिचारा कानापर्यंत लाल झाला. फाटकाबाहेर ती उजवीकडे गेली, तो डावीकडे. माझ्यावरची शाई तोवर वाळलीही नव्हती.

पुढे मला शिवलं, पुठ्ठ्यात बांधलं आणि दप्तरखान्याच्या फडताळात कोंबलं. वाळवीनं माझा कोपरा खाल्ला. तिच्यावर माझा राग नाही. ती खाते, पण खोटं लिहीत नाही. राग आहे तो पूर्वज शोधायला येणाऱ्यांवर. येतात, माझ्या अंगावरून बोट फिरवतात, आपल्यापुरती ओळ सापडली की तिचा फोटो काढतात आणि मला धाडकन मिटतात. शेजारी कोण आहे, मागच्या पानावर काय आहे, याच्याशी देणंघेणं नाही. लग्नाच्या मांडवातून आपली चप्पल शोधून निघाल्यासारखे निघतात!

असाच एक हुशार गृहस्थ घराण्याचा इतिहास छापायला निघाला होता. ती शिवणकामवाली त्याची पणजी. फोटो काढून गेला, आणि काही दिवसांनी आत्याला घेऊन पुन्हा आला. आत्या गणिताची निवृत्त शिक्षिका. त्याच पणजीच्या, म्हणजे आपल्या आजीच्या, मांडीवर वाढलेली.

"बघ आत्या. इथे ती नालबंदाची बायको. आणि शेजारच्या विवाहनोंदणीत, दोन वर्षांनी, पणजोबांशी लग्न करताना लिहिलंय 'अविवाहित'. म्हणजे पहिला नवरा टाकला आणि खोटं बोलून दुसरा केला! अख्खं प्रकरण लिहिलंय मी यावर. सोमवारी छपाईला जातंय."

"खूश दिसतोयस."

"मी कुठे काय म्हणतोय? कागद बोलतो."

कागद बोलतो! तेव्हा मला खरंच बोलता आलं असतं, तर आधी याचे कान उपटले असते.

"आजीनं जन्मात एक टाका खोटा घातला नाही," आत्या म्हणाली. "सरक."

तिनं चष्मा चढवला आणि मला पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. वयाच्या रकान्यावर तिचं बोट थबकलं.

"हा न्हावी बघ. याच्या खाली ओळीनं तीन बायका."

"असतील. त्या काळी असायच्या."

"बरं. ही बाई चौसष्टची, नवरा एकोणीसचा. आणि हिचा नवरा नऊ वर्षांचा! हेही त्या काळी असायचं?"

भाच्यानं वाकून तो रकाना पाहिला.

"एकटे पुरुष पानापानावर आहेत. आणि एवढ्या जहाजात एक विधवा नाही, एक कुमारिका नाही? जी आली ती वरच्याची बायको? अरे, पान उलटायला काय हात दुखत होते तुझे?"

"पण आत्या, ते प्रकरण सगळ्यांना फार आवडलं होतं…"

"मग तुझ्या सासूवर लिही एखादं. तेही आवडेल."

त्यानं तिथेच छापखान्याला फोन लावला आणि पडल्या आवाजात प्रकरण काढायला सांगितलं. ती पाहत उभी राहिली. मग दप्तरखान्याच्या अधिकाऱ्याकडे जाऊन म्हणाली, "या यादीला एक टीप जोडा. लोक फसतायत."

"मूळ नोंदीला हात लावता येत नाही, बाई."

मूळ नोंद! एका आळशाची थाप; पण तिला जपायला कुलूप आहे, पंखा आहे, वाळवीचं औषध आहे.

एक सुटली. बाकीच्या अजून माझ्या पानांत परक्या पुरुषांच्या गळ्यात बांधलेल्या पडून आहेत, आणि त्यांची पतवंडं फोन सरसावून येतच आहेत. या बाबांनो, पण मला उघडलंत तर पुरतं वाचा. तेवढा वेळ नसेल, तर आपल्या आज्यापणज्यांना निदान माझ्या जिवावर बदनाम करू नका.