पोटातली सुई

मित्रांनो, मी एक जुना, राखाडी प्राणी आहे. कोणता, ते मला शिवणाऱ्या मावशीलाही नीट सांगता आलं नाही. तिने फेल्टच्या जाड कापडाचे दोन तुकडे कापले, एकावर एक ठेवून कडेकडेने टाके घातले आणि पोटात कापूस भरला. शिवताना ती गुणगुणायची:

सुई चाले पुढे, दोरा चाले मागे,
मुकं माझं बाळ, उशापाशी जागे.

मी होतो तिच्या भाचीसाठी, बिट्टीसाठी. बिट्टीची आई दूरच्या शहरात कामाला गेली होती, वर्षभरासाठी. बिट्टी रडली नाही. आईचा फोन आला की कानाला लावून नुसती उभी राहायची.

"किती समंजस पोर!" शेजारच्या काकू म्हणायच्या. "आमच्या कार्ट्याने घर डोक्यावर घेतलं असतं."

शेवटची गाठ मारून मावशीने मला बिट्टीपुढे धरलं.

"हा ससा आहे?"

"हो गं."

"मग कान गाढवाचे कसे?"

"मोठा झाला की होतील सशाचे."

बिट्टी हसली नाही. तिने हात पुढे केला, तेवढ्यात मावशीच्या लक्षात आलं, सुई कुठेच नाही. तिने पदर झटकला, सतरंजी झटकली, माझं पोट दाबदाबून पाहिलं.

"कापसात गेली वाटतं."

"मग टाकून दे बाई," काकू म्हणाल्या. "पोरीला टोचली म्हणजे?"

टाकवेना, म्हणून मावशीने मला कपाटावर ठेवलं. तिथे माझ्यावर धूळ बसली. ऊन यायचं, भिंतीवरून सरकायचं, जायचं. आत सुई होती, पण दुखत नव्हतं. बरं वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं. खाली बिट्टी वेळेवर जेवायची, वेळेवर झोपायची. सगळे तिचं कौतुक करायचे.

एका दुपारी मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मावशी, त्याच्या पोटात सुई आहे ना? मग तो ओरडत कसा नाही?"

"अगं वेडे, त्याला काही कळत नाही."

"माझंपण तसंच झालंय," बिट्टी म्हणाली.

मावशीने हातातली घडी खाली ठेवली. मग तिने स्टूल ओढलं, मला खाली काढलं आणि कात्रीच्या टोकाने स्वतःच घातलेले टाके उसवले. चिमूट चिमूट कापूस बोटांत चुरून बघत ती बिट्टीच्या ओच्यात टाकत गेली. पोट रिकामं झालं, पाय झाले. सुई निघाली डाव्या कानाच्या मुळाशी. तिथे कुणी दाबून पाहिलंच नव्हतं.

बिट्टीने कापूस मुठीत धरला. "आई कधी येणार?"

"अजून खूप दिवस आहेत गं, राणी."

तशी बिट्टी रडली. कापसात तोंड खुपसून, हमसून हमसून रडली. काकू धावत आल्या. "अगं, काय झालं पोरीला? एवढी शहाणी होती!"

"रडू द्या, काकू," मावशी म्हणाली आणि तिने बिट्टीला कुशीत ओढलं.

ओला कापूस उन्हात वाळवून बिट्टीनेच माझ्यात परत भरला. डोक्यात जरा जास्तच झाला, म्हणून मान कायमची कलली.

मित्रांनो, गप्प राहणाऱ्याला शहाणा म्हणून उंचावर ठेवून देऊ नका. त्याला खाली घ्या, विचारा. शिवण उसवली तर उसवू द्या, ती पुन्हा घालता येते.

मला अजूनही फारसं काही वाटत नाही. झोपेत बिट्टीचा हात पोटावर पडला की कापूस दबतो, एवढं मात्र कळतं.