छत्तीस अंश की चाळीस?

मशिदीच्या एका खिडकीतली लाकडी जाळी कोपऱ्यात फुटली होती आणि तिथला तारा अर्धाच उरला होता. तो पुरा करायचं काम सुताराच्या सुनेकडे आलं. नक्षी आखण्यात तिचा हात धरणारं कारखान्यात कोणी नव्हतं, एक सासरे सोडले तर. त्यांचा सारा जन्म या जाळ्यांच्या डागडुजीत गेला होता.

“सगळे तारे दहा टोकांचे,” सासऱ्यांनी रंध्यावरून मान न उचलता सांगितलं. “वर्तुळाचे दहा भाग कर, छत्तीस-छत्तीस अंशांचे. पाच टोकं शाबूत आहेत, पाच आपण करायची. यात डोकं खाजवण्यासारखं काय आहे?”

तिने तसंच आखलं, त्यांनी तसंच कोरलं. पण तुकडा काही केल्या जागेवर बसेना. डावीकडून जुळवला की उजवीकडचं टोक शेजारच्या पट्टीवर चढे, उजवीकडून जुळवला की डावीकडचं. सासऱ्यांनी आधी लाकडाला बोल लावला, मग पटाशीला आणि शेवटी, जरा चाचरत, सुनेच्या कंपासला.

ती शिडीवर चढली. शाबूत पाचांपैकी लगतच्या दोन टोकांमधला कोन मोजला. चाळीस. पुन्हा मोजला. चाळीसच. शेजारच्या ताऱ्याचा मोजला तर छत्तीस! आपला कोनमापकच बिघडला असावा म्हणून घरी जाऊन लेकीच्या दप्तरातला आणला. तोही चाळीसच म्हणाला. त्या दिवशी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं, आणि लेक काय विचारत होती तेही तिला धड ऐकू आलं नाही.

सकाळी दात घासता घासता ती थांबली. चाळीस नव्वे तीनशे साठ.

“बाबा, त्या ताऱ्याला नऊच टोकं होती.”

“वेडी की काय तू? दहाच्या रांगेत नऊचा बसेल कसा?”

“ते मलाही कळत नाही. पण पाच उरलीत ना, मग चारच करून बघू या. नाही बसला तर मी पुन्हा दहाचा आखते.”

सासऱ्यांनी कुरकुरत का होईना, चार टोकं कोरली. तुकडा जागेवर ठेवला, वरून हलकेच दोन ठोके दिले आणि तो गपकन आत बसला. आता जवळून पाहिल्यावर दिसलं, आजूबाजूच्या पट्ट्या किंचित तिरक्या होत्या. फरक इतका बारीक की सहजी नजरेत भरू नये. खिडकी त्या बाजूला अंगठ्याएवढी अरुंदही निघाली. तिला हायसं वाटलं, सापडलं कारण! पण समोरची खिडकी मोजली तर तीही तेवढीच अरुंद, आणि तिथले सगळे तारे दहाचेच.

“मग इथेच नऊ का, बाबा?”

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, एकेक टोक बोटाने मोजलं. नऊ.

“मला काय विचारतेस?” ते म्हणाले. “इतकी वर्षं मी या जाळीला हात लावतोय. मलाच आज कळलं.”

मग ते तिथेच फरशीवर मांडी घालून बसले आणि तिला म्हणाले, “बाकीचेही मोज बरं. पहिल्यापासून.”