सरकायला जागा

"वाफ थांबवा!" आई इतक्या जोरात ओरडली की मीच दचकले. दूध उतू गेलं तरी आवाज न चढवणारी माझी आई!

कारखान्यातल्या नव्या पाइपातून आज पहिल्यांदाच वाफ सोडली होती. शाळेला सुट्टी, म्हणून मी हट्टाने बघायला आले होते. पाइप तापला की लांबतो. तो कुठे, किती लांबेल आणि कोणत्या जोडावर किती ताण येईल, हे कॉम्प्युटरवर आधीच काढून ठेवणं हे आईचं काम. प्रत्येक आधारावर, पाइपाला खालून जोडलेल्या लोखंडी पायाशी, तिने खडूने रेघ मारली होती. तापल्यावर पाय रेघेपासून सरकायला हवा. बाकीचे सरकले. टर्बाइनजवळचा मात्र ढिम्म!

"मॅडम, पाइप घाबरत नाही, तुमचा कॉम्प्युटर घाबरतो," मॅनेजर हसले. "सगळे खोळंबलेत हो."

"इथे अडकला तर टर्बाइनचा जोड फोडेल. खाली माणसं उभी आहेत." आईने वाल्वकडे बोट दाखवलं. "माझं चुकलं तर काढून टाका मला. आधी वाल्व बंद करा."

वाल्व बंद झाला. पाइप निवेपर्यंत सगळे तिच्यापासून लांब जाऊन उभे राहिले. मीसुद्धा. तिचंच चुकलं असलं तर?

मग वेल्डरकाका आधाराखाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"ताई, पायाला हा वेल्डिंगचा टाका मीच मारलाय," ते म्हणाले. "जरा डुगडुगत होता. म्हटलं, पक्का करून टाकू. चांगलं करायला गेलो नि..."

"कापा, काका," आई म्हणाली. एवढंच.

टाका कापला. पुन्हा वाफ सोडली. पाइप कुरकुरला. मॅनेजरसकट सगळे कठड्यावरून वाकून बघत होते. आई तेवढी पाठ फिरवून उभी होती, माझं मनगट घट्ट धरून.

"सरकतोय का गं?"

"सरकतोय."

"नीट बघ, बाळा."

"अगं आई, खरंच सरकतोय!"

तरी तिला मागे वळवेना. माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठत होते. मी हात सोडवून घेतला नाही.