सत्याचा रकाना

नया नगरातल्या त्या दोन खोल्यांच्या कंपनीत वैजयंता पगार घेई तो सामने पाहण्याचा. रीप्ले कोठे सुरू झाला, कोठे संपला, रंगतीचे क्षण कोणते, हे ती तक्त्यात नोंदवी. रकान्याचे नाव 'सत्य'. कंपनीचे मालक सीताराम सर यांच्या प्रोग्रामने आपोआप हुडकलेले क्षण या सत्याशी ताडून पाहिले जात. पडद्यावरून चॅनलचे चिन्ह गिरकी घेत गेले की रीप्ले, आणि ज्याचे रीप्ले अधिक तो प्रसंग थोर. प्रोग्रामची विद्वत्ता एवढीच.

२००७च्या डिसेंबरात भाईंदरच्या एका कबड्डी स्पर्धेचे चित्रण आले. त्यात तिच्या इमारतीतला लोकेश होता. तीन चढायांत त्याने सात गडी टिपले. केबलवाले तेव्हा फर्निचरच्या दुकानाची जाहिरात दाखवण्यात गुंतल्याने रीप्ले एकही नाही. चौथ्या चढाईत त्याचा गुडघा उलटा वळला. तो त्यांनी सहा वेळा दाखवला, दोनदा संथ गतीने.

लोकेश आता पुन्हा खेळणार नव्हता. त्याच्या आईला, अनसूयाबाईंना, वैजयंताने त्या तीन चढायांची सीडी कबूल केली होती. मात्र सीडी सरांच्याच संगणकावर निघे, आणि निवडलेले क्षण ठेवून उरलेले चित्रण दर शनिवारी पुसले जाई.

तिने चढाया रंगतीच्या म्हणून नोंदवल्या. गुडघ्यापुढे 'नाही' लिहिले. शुक्रवारी सरांनी ताडून पाहिले, तर प्रोग्रामची अचूकता घसरलेली. सोमवारी गिऱ्हाईक येणार होते.

"मॅडम, मशीन बरोबर बोलतंय," सर शांतपणे म्हणाले. "तुमचं सत्य चुकलंय. दुरुस्त करा."

तिने नकार दिला. मग त्यांनीच चारही ओळी बदलल्या आणि खाली तपासनीस म्हणून तिचे नाव तसेच राहू दिले. माणसाने तपासल्याचा पुरावा गिऱ्हाइकाला लागतो, असे त्यांनी समजावले. शनिवारी त्या तीन चढायांचे चित्रण पुसले गेले.

सोमवारी गिऱ्हाईक मान डोलावून, समोसे खाऊन गेले. सरांना औदार्याचा उमाळा आला. त्यांनी सीडी तिच्या हाती ठेवली.

"लोकेशला द्या. टॉपचा क्षण त्याचाच आलाय."

वैजयंताने आवाज जराही चढू दिला नाही.

"तुम्हीच चला ना, सर. त्याच्या प्लास्टरशेजारी बसा, सहाही वेळा त्याच्यासोबत बघा. चहा टाकायला सांगते मी त्याच्या आईला."

सरांना तेवढ्यात एक फोन करायचा आठवला.

तिने सीडी त्यांच्या उष्ट्या बशीत ठेवली, पर्स उचलली, आणि अनसूयाबाईंना काय सांगायचे ते जुळवीत जिना उतरू लागली.