फेर्नांदबाईंच्या स्वयंपाकघरातला होकार

१९७१ सालचा मार्च महिना होता. मी सत्तावीस वर्षांची होते आणि पॅरिसमध्ये एदगार मोंतेल यांच्या सिनेमा कंपनीत टायपिस्ट होते. कंपनी म्हणजे दोन खोल्या, एक फोन आणि मालक. त्यांनी काढलेले सिनेमे फार लोक बघत नसत. जे बघत, ते मात्र वर्षानुवर्षं त्यांवरून भांडत.

मालक पटकथा वाचत नसत. मी टाइप केलेली बाडं कपाटात पडून राहत. ते दिग्दर्शकाला खाली फेर्नांदबाईंच्या खानावळीत नेत आणि म्हणत, "जेवता जेवता सांगा." कॉफी येईपर्यंत निकाल. ऐकताना मालकांचं ताट गार झालं, तर होकार, एवढं मी चार वर्षांत ओळखलं होतं. पण हा खादाड माणूस जेवण विसरतो ते नेमकं कशामुळे, याचं मला फार कुतूहल होतं. म्हणून मी टिपणं घ्यायच्या निमित्तानं प्रत्येक वेळी जाऊन बसायची.

त्या शुक्रवारी नोलवेन ल गाल आली. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरची, माझ्याच वयाची. तिची आई सार्डिन मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात राबली होती आणि नोलवेनला तिथेच सिनेमा करायचा होता. ऑगस्टमध्ये तो कारखाना पाडणार होते. तीन निर्मात्यांनी तिला आधीच परत पाठवलं होतं. आता मालकही नाही म्हणाले, तर तो सिनेमा कधीच होणार नव्हता.

आणि ही बोलेचना.

"एक कारखाना आहे," ती म्हणाली. "बायका आहेत." मग पाव कुस्करत बसली.

मी तोंड उघडणार, तोच मालक म्हणाले, "जिनेत, सिनेमा तुमचा आहे का?" त्यांनी लोणी लावलेले मुळे चवीनं संपवले. म्हणजे लक्षण नकाराचं.

"फेर्नांद, मासे अजून समुद्रातच आहेत काय?" ते ओरडले.

"एवढी घाई असेल तर आत या आणि साफ करा! तुम्हाला काय, नुसतं बसून गिळायचं माहीत!"

नोलवेन उठली आणि तडक आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. मागोमाग गेले तर ही सार्डिनच्या पेटीपुढे उभी, हातात सुरी. "मावशी, सरका जरा." एक झटका, की डोकं आणि आतडी एकदमच बाहेर. दुसरा, तिसरा. फेर्नांदबाई कमरेवर हात ठेवून बघतच राहिल्या. "अगं, तू माणूस आहेस की यंत्र?"

हात चालू झाले आणि तिचं तोंडही उघडलं. मान वर न करता ती सांगत होती. एके दिवशी होड्या रिकाम्या येतात. साठ बायका टेबलांशी बसून राहतात. हातांना काम नाही, त्यामुळे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या एकमेकींकडे नीट बघतात.

मालक दारात येऊन उभे होते. त्यांच्या हातात ताट नव्हतं, त्यामुळे मला काहीच कळेना.

"आणि मग मासे येतात?" त्यांनी विचारलं.

"नाही. दिवसभर नाही."

"मग बायका काय करतात?"

"तेच तर बघायचंय मला," नोलवेन म्हणाली.

मालकांनी कोट काढला, सुरी घेतली. "दाखव पोरी, कसं करतात ते." दुसऱ्याच माशाला अंगठा कापला. फडकं गुंडाळत मला म्हणाले, "जिनेत, कॅमेरावाल्याला फोन लावा. जूनमध्ये सुरू करू."

कॉफी कोणी मागितलीच नाही.

सिनेमा एका लहान थिएटरात सात आठवडे चालला. नोलवेननं पुढे आणखी चार केले. मग ती गावी परतली, तिथं शाळेतल्या मुलांना कॅमेरा शिकवते. फेर्नांदबाई खानावळ विकून ल्यॉंला लेकीकडे गेल्या आणि तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवत नव्वदीपर्यंत जगल्या. मालकांनी अकरा सिनेमे आणखी काढले. अठ्ठ्याऐंशी साली ते गेले, तेव्हा बारावा अर्धवट होता. तो आम्ही दोघा-तिघांनी पुरा केला. कारखान्याच्या जागी आता घरं आहेत. मी निवृत्त झाले. मालकांना नेमकं काय भुरळ घालायचं, हे मी त्यांना एकदाही सरळ विचारलं नाही.